पलंगाखालची भीती

दादा,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण तुझ्या खोलीचा वास अजून हाताला आहे.

आपल्या जादूगारांच्या घरची रीत साधी. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपली भीती डब्यात थुंकायची आणि थोरल्याने तो डबा नदीत ओतून यायचा. थोरला तू. तुला म्हणे किळस यायची. तू एकेक डबा पलंगाखाली सरकवत राहिलास आणि एक दिवस घरच सोडून गेलास.

काल ती सगळी भीती एकत्र होऊन बाहेर आली. केसाळ, बुळबुळीत, कुजक्या फडक्यासारखी. माझी चिंगी तेव्हा गायब होण्याचा सराव करत होती. ती इतकी घाबरली की तिला परत दिसताच येईना. नुसता आवाज यायचा, “आई, माझे हातच सापडत नाहीत गं!”

आपली आई मला म्हणाली, “बघत काय बसलीस? घाल त्या भीतीच्या पोटात हात. सगळ्यात जुनी भीती बाहेर आली की बाकीची विरते.”

मी कोपरापर्यंत हात घातला. दोनदा ओकले. तळाशी तुझी भीती सापडली. ती ओढून काढताच बाकीची विरली; हातातली तुझ्याच आवाजात कण्हत होती, “टाळ्या नाही पडल्या तर?”

“शी! एवढ्यासाठी घर सोडलंस?” मी ओरडले.

“मामा इतका भित्रा?” चिंगी खदखदून हसली. आधी तिची वेणी दिसली, मग सगळी चिंगी.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. लाज वाटून तू परत आलास, तर रीतीप्रमाणे डबा पुन्हा तुझ्याच हाती द्यावा लागेल, आणि तो परत पलंगाखाली जाईल. तुझी भीती डब्यात भरून आज मीच नदीत ओतून आले.

अजून हात धुणारी,
तुझी धाकटी