कोपऱ्यातला हुंकार

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक. बाबांचा खोकला गेला, सवय मात्र राहिली. पेपर उघडला की खोकतात. आई तुझ्या खोलीला नवे पडदे लावायचे म्हणते आणि लावत नाही. तू फोनवर नुसतं "हो", "नाही" करतेस म्हणून रुसली आहे. तू मला पत्रच लिही, फोन नको. का ते सांगते.

शुक्रवारी वर्गात माझं सादरीकरण आहे. विषय, भिंतीत ओल कशी चढते. ते फसलं तर वर्ष गेलं, कारण लेखी परीक्षेत मी आधीच दिवे लावले आहेत. आणि चारचौघांत उभी राहिले की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. उगाच नाही तू मला पुटपुटी म्हणत. शेवटी आमच्या बाईंनी तुझ्या याच वर्गातल्या सादरीकरणाचं जुनं रेकॉर्डिंग दिलं, विषय पुलाचे खांब. दरवर्षी मुलांना दाखवतात. म्हणाल्या, "ताई तुझी अशी, आणि तू ही अशी! तिचे शब्द नको उचलूस. कुठे थांबायचं, तेवढं शिक."

मग काय, हात धुऊन मागे लागले. तू दोन्ही हात टेबलावर ठेवतेस. मुद्दा सांगतेस, थांबतेस, मागच्या कोपऱ्यातल्या बाकाकडे बघतेस, किंचित मान हलवतेस, मग पुढचा मुद्दा. मला वाटलं, काय युक्ती आहे! एकाच जागी बघायचं, म्हणजे भीती वाटत नाही. मी तश्शी उचलली.

बुधवारी रिकाम्या वर्गात सराव केला. शपथ, ताई, एकदाही अडखळले नाही. पहिला मुद्दा संपला, थांबले, कोपऱ्यातल्या बाकाकडे बघितलं.

"हं," असं आलं.

लहानपणी तू गोष्ट सांगायचीस आणि मी हुंकार द्यायचे ना, तसं. बाक रिकामा होता. मी घाबरायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. दर मुद्द्याला "हं" येत गेलं. ओल छतापर्यंत पोचली, माझं संपलं. मी कागद गोळा केले.

तेव्हा ते म्हणालं, "पुढे?"

पुढे काहीच नव्हतं. तरी मी बोलत राहिले. काय, ते आठवत नाही. शिपाईकाका कुलूप लावायला आले. "अगं पोरी, भिंतीशी काय बोलतेस?" म्हणत त्यांनी खांद्याला हलवलं, तोवर घसा बसला होता.

घरी येऊन तुझं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. बाई टाळ्यांपाशी बंद करतात. मी चालू ठेवलं. टाळ्या थांबतात, बाकं सरकतात, मुलं निघून जातात, आणि तू उभीच. कोपऱ्याकडे बघत पुलाबद्दल सांगतेयस. मग आपल्या घराबद्दल. आईबद्दल. मी कशी झोपते त्याबद्दल. तू बोलतच असतेस आणि रेकॉर्डिंग संपतं.

सगळे म्हणतात, ताईला शिष्टपणा आला, दूर गेली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. एकदा लागलीस की थांबता येणार नाही, म्हणून तू बोलायला सुरुवातच करत नाहीस, हे मला आता कळलं.

काल आईने विचारलं, "भाजी कुठली करू?" मी सांगितलं, थांबले, आणि ओट्यामागून आलं, "हं." आईने मान वर केली नाही. मला खूप भीती वाटते, ताई. शुक्रवारी बोलू का? नाही बोलले तर वर्ष जातं. बोलले तर मला गप्प कोण करणार? तुला कसं जमलं, ते लिही.

लिहिताना ते येत नाही, म्हणून इतकं मोकळं लिहिलं. आता पुरे करते.

तुझी,
पुटपुटी

ता. क. सही केली आणि पाठीमागून आलं, "पुढे?" सांगायला काहीच उरलं नव्हतं गं. पाकिटावरचा तुझा पत्ता तेवढा होता. तो मी मोठ्याने वाचला.

"हं," असं आलं. तेव्हापासून इथे अगदी शांत आहे. ताई, मला माफ कर.