सियमिकच्या नसांची ढाल

३ फेब्रुवारी
वाढणारी चेतापेशी आपल्याच शरीरातल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या सैनिक पेशींपासून स्वतःला कशी वाचवते? मला माहीत नाही. बिश्केकच्या या लॅबमध्ये कुणालाच पुरतं माहीत नाही. वसंतापर्यंत मला कळलेलं असेल.

९ फेब्रुवारी
यश! कोवळ्या चेतापेशींच्या बशीत सैनिक पेशी सोडल्या. एकीलाही धक्का नाही. उलट फांद्या फुटताहेत. म्हणजे ढाल आहेच. आमच्या प्रमुख सालिमा एजे, म्हणजे सालिमाताई, म्हणाल्या, "बेगिमाय, आधी सैनिक जागे आहेत का ते बघ." बघेन. घाई काय आहे?

१४ फेब्रुवारी
नारिनच्या घरून आपाचा, आईचा, फोन. धाकट्या भावाचे, सियमिकचे, पाय पुन्हा बधिर. त्याचे सैनिक त्याच्याच नसांची वेष्टणं कुरतडतात. गेल्या वर्षी स्टेरॉइडच्या सलाइनने उठला होता. डॉक्टर पुन्हा तेच म्हणतात. मी नको म्हटलं. स्टेरॉइडने सैनिकांना गुंगी दिली तर नसा ढाल धरायला शिकणार कशा? सियमिक हसला, "एजे, तुझ्या उंदरांना विचार, मी घोड्यावर कधी बसू?" आपा म्हणाली, "घरात एकच शिकलेली. तिचं नाही ऐकायचं तर कुणाचं?" फार बरं वाटलं.

२० फेब्रुवारी
सियमिकला काठीशिवाय चालवत नाही. आपाने त्याला खिडकीतून शेजारणीला 'विकलं' आणि दारातून परत 'विकत घेतलं'. मृत्यूला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. तान्ह्या बाळांचं करतात हे! या घोड्याला चौघांनी उचलून बाहेर काढलं. मी फोनवर ओरडले. आपा म्हणाली, "तुझ्या त्या पेशी तरी काय करतात गं? मारणाऱ्याला फसवतातच ना?" अशिक्षित माणसाला विज्ञान समजावणं कठीण.

२७ फेब्रुवारी
शोधनिबंधाचं शीर्षक ठरलं. सैनिकांची तपासणी तेवढी राहिली. आपा विचारते, आता तरी सलाइन लावू का. अजून आठवडाभर थांब म्हटलं. नसांना वेळ द्यायला हवा.

५ मार्च
सालिमा एजेंनी तपासणी स्वतःच केली. सैनिक गुंगीत.
"त्यांना अन्न कोणतं घातलंस?"
चेतापेशींचं. नेहमीचं.
"अगं, त्यात स्टेरॉइड असतं! सैनिक सोडण्याआधी बदलायचं असतं ते."
मग ढाल?
"असेलही. तू पाहिली नाहीस."
म्हणजे स्टेरॉइडनेच त्या पेशी वाचवल्या, आणि मी सियमिकला तेच

५ मार्च, नंतर
घरी फोन केला. माझं चुकलं, सलाइन आजच लावा.  आपा म्हणाली, "परवाच नेणार होतो. तू रागावशील म्हणून थांबलो."

९ मार्च
सलाइन संपलं. सियमिकला कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, फार उशिरा आणलंत. किती परत येईल ते सांगता येत नाही. त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. आपा एकटी आहे.
लॅबची किल्ली एजेंच्या टेबलावर ठेवून आले. नारिनच्या बसमध्ये बसले आहे.