मामाची मांडी

बाळूदादा,

पुण्यात तू बराच असशील. तुला काय धाड भरलीय?

लेकराचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, हे तुला ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंचं एकच म्हणणं, "माहूरच्या आईला जावळ दिल्याबिगर गोवराची सुई टोचायची न्हाई, आई कोपती." मी तुला फोन केला. तू हसलास. "गुपचूप टोचून आण की, कोणाला कळतंय?" या घरात चूलसुद्धा गुपचूप पेटत न्हाई, दादा. मग म्हणालास, "बरं, दिवाळीला येतो." दिवाळीची संक्रांत झाली. गोवराची लस किती लेकरं वाचवते, याचा अभ्यास करून राहिला होतास, तुला सवड कुठली?

उन्हाळ्यात गावात गोवर आला. माझा विराज तापातून उठला, पण त्याचे कान गेले. तू विचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाई.

काल तुझाच फोन. "अयोध्या, माझ्या संशोधनासाठी लस न घेतलेली मुलं कमी पडतायत. तुमच्या गावात आहे का कोणी?" मी म्हणले, "हाय एक." पुढं म्हणालास, "रविवारी येतोच, जावळही उरकून टाकू."

ये. माहुरात संबळ कडाडला की मांडीवरची सगळी लेकरं दचकून रडतात. तुझ्या मांडीवरचं रडणार न्हाई. तवा चारचौघांत म्हणू नकोस, माझा भाचा किती शहाणा हाय म्हणून.

तुझ्या भाच्याची आई,
अयोध्या