चाळीसपट वेग

२ मार्च
आजपासून नवा मी. आमचं काम असं: अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळतात, यंत्रात ठिपके उमटतात, ते जोडून कुठला कण कुठून गेला हे शोधायचं. जुना प्रोग्राम हे एकेक करत बसतो. ग्राफिक्स कार्ड हजारो ठिपके एकदम हाताळतं. सरांना म्हटलं, सगळं काम महिन्यात कार्डावर करून दाखवतो. सर म्हणाले, जमलं तर तुला कायम करायचं बघू. जमलं तर! बायकोला सांगून टाकलं, कायम झालो.

११ मार्च
प्रगती उत्तम. उद्या सुरुवात.

२४ मार्च
कार्ड जुन्या प्रोग्रामपेक्षाही हळू. दोष कार्डाचा. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, आधी चुका पकडणाऱ्या ओळी घाल. हो म्हटलं. घातल्या नाहीत. वेग मरतो.

२ एप्रिल
चाळीसपट!! कार्डाला एकदम दुप्पट काम दिलं आणि उडालंच. उत्तरं जुन्या प्रोग्रामशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात. चष्मेवाली म्हणाली, इतकी जुळतात याचीच भीती वाटते. मत्सर, दुसरं काय! लेकीला सांगितलं. तिनं विचारलं, बाबा, मग उरलेल्या वेळात तू काय करणार?

९ एप्रिल
सर, समिती, मोठा पडदा. सर म्हणाले, आता आजचा डेटा घाल. घातला. कालचीच उत्तरं आली. पुन्हा घातला. पुन्हा तीच. कुणीतरी खोकलं. चष्मेवालीनं कीबोर्ड ओढला, चुका पकडणाऱ्या दोन ओळी घातल्या. पडद्यावर लाल अक्षरं.
कार्डानं काही केलंच नव्हतं. काम झेपणार नाही म्हणून त्यानं केव्हाच नकार दिला होता. तो ऐकायची सोय मी ठेवली नव्हती. मेमरीत पडलेली जुन्या प्रोग्रामची उत्तरं मी माझी म्हणून दाखवत होतो.
वेग मात्र खरा. काही न करायला वेळ लागत नाही.

१४ एप्रिल
काम चष्मेवालीकडे गेलं. मला उद्यापासून यायची गरज नाही. सर अगदी हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर भांडता आलं असतं. घरी सांगायला योग्य वेळ शोधतोय.

२२ एप्रिल
आजही वेळेवर डबा घेऊन निघालो. बागेतला झाडाखालचा बाक बरा आहे. दुपारी बायकोचा फोन. म्हणाली, फार दमतोयस, आज तरी लवकर नीघ. म्हटलं, कसं शक्य आहे, इथं माझ्यावाचून पान हलत नाही.
वारा सुटला होता.