पिशवीभर माती

३ फेब्रुवारी, मंगळवार

पलीकडच्या शेजारणीचं अंगण गेलं! सकाळी यंत्र आलं, दुपारपर्यंत दोन फूट खोल खड्डा. तिचे गुलाब मुळांसकट ट्रकमध्ये. मातीत शिसं निघालं म्हणे. कारखान्याच्या धुराड्यातून चाळीस वर्षं पडत आलेलं.

आता आमची पाळी. माती तपासणारी मुलगी येऊन गेली. मी तिचं नाव मातीवाली ठेवलंय. अंगणात पाच नारिंगी झेंडे रोवलेत. परवा येऊन झेंड्यांखालची माती नेणार. शिसं मर्यादेबाहेर निघालं की माझंही अंगण ट्रकमध्ये. पालक, टोमॅटो आणि एकोणीस वर्षांचं लिंबाचं झाड!

"काकू, नवी माती आम्ही अगदी फुकट भरून देतो."

"नको मला."

हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "फुकट आहे, आणि तू नको म्हणतेस? डॉक्टरांना बोलावू का?"

फुकट ते पौष्टिक – हा यांचा माझ्यावरचा जुना टोमणा. हसा म्हणावं. लिंबाला हात लावू देणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

जपाला बसले, पण तोंडात देवाचं नाव कमी, शिशाचंच जास्त. आणि एकदम सुचलं! देवानेच सुचवलं असं लिहिलं होतं, ते खोडलं. त्याच्यावर कशाला ढकलू? मलाच सुचलं.

देऊळ टेकाडापलीकडे. धूर तिकडे फिरकतही नाही. शिवाय देवाच्या दारातली माती, तिच्याहून शुद्ध कुठली?

संध्याकाळी नातीला रोजच्यासारखं देवळात खेळायला नेलं. ती मैत्रिणींबरोबर मातीचे लाडू वळत बसली. मी भिंतीच्या कोपऱ्यात, हातात जुनं उलथनं. काय माती! काळीभोर, भुसभुशीत. बाजारची पिशवी गच्च भरली. पुजाऱ्यांनी पाहिलंच.

"वहिनी, काय नेताय?"

"देवाचा अंश."

"अंश बराच जड दिसतोय!"

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हे फिरायला गेले आणि मी कामाला लागले. पाचही झेंड्यांखाली वीतभर खड्डे. माझी माती बाहेर, देवळाची आत, वर पाचोळा. निघालेली माती टाकवेना. मला काहीच टाकवत नाही. जुन्या बादलीत भरली, झाकण लावून न्हाणीमागे ठेवली.

दहाला मातीवाली आली. लोखंडी नळी खुपसली, उपसली.

"काकू, माती किती छान राखलीय! लोण्यासारखी!"

मी चक्क लाजले. साठाव्या वर्षी!

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि वर न बघता पळाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

अहवाल नाही. झाडावर लिंबं मोजली – तेवीस. मुलखाची साळसूद दिसतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मर्यादेच्या सहापट!! अख्ख्या गल्लीत सगळ्यांत वाईट अंगण माझं. बुधवारी खोदायला येणार.

शेजारीण कुंपणावरून म्हणते, "आमचे आपले नुसते गुलाब होते हो. तुम्ही तर वर्षभर पालक वाटलात आम्हाला!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! चांगली-वाईट जी होती ती आपली माती सोडून गेले शहाणपणा करायला. राग यायचा तर हसूच फुटत होतं.

तेवढ्यात नात देवळातून आली. नखांत काळी माती. अंगठा तोंडात.

हसू तिथेच थांबलं. तो अहवाल माझ्या अंगणाचा नाहीच.

गप्प बसले तर फक्त लिंब जाईल, कुणाला काही कळणार नाही. बोलले तर साऱ्या गल्लीत शोभा. पण तो अंगठा! तिचे हात तीनदा धुतले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, आता कातडी निघेल."

२१ फेब्रुवारी, शनिवार

यांना सगळं सांगितलं. इतके हसले की कवळी हाताने धरावी लागली. मग नात आठवली असावी. उठले आणि बादली उचलली. मातीवालीच्या कचेरीपर्यंत मला हात लावू दिला नाही.

सगळं ऐकून मातीवालीने बादलीत डोकावून पाहिलं. "काकू, तुम्ही पाचही झेंड्यांखाली...?"

"पाचही. काम अर्धवट सोडायची सवय नाही मला."

तिने तोंडावर हात दाबला, खांदे गदगदत होते. मग विचारलं, माती आणली कुठून? सांगितलं. खांदे थांबले.

"तिथे मुलं खेळतात?"

"रोज. आमचीही."

तिने तिथल्या तिथे फोन उचलला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

देवळाच्या अंगणाला चारी बाजूंनी दोरी. मातीवालीने खणून दाखवलं. वर बोटभर माती, खाली हातभर काळी राख.

"ही धुराड्यातून उडून आलेली नाही काकू. कारखान्यातली राख आहे. कुणीतरी भराव म्हणून टाकलीय."

कुणी, ते कुणालाच माहीत नाही. पुजारी चार वर्षांपूर्वी आलेले. मी चांगली तणतणले – देवाच्या दारात विष ओतताना त्या मेल्याचा हात झडला कसा नाही! बायकांनी माना डोलावल्या. पुजारी म्हणाले, "वहिनींनी अंश नेला म्हणून कळलं तरी." सगळे हसले. मीही.

५ मार्च, गुरुवार

बादलीतल्या मातीचा अहवाल आला. मर्यादेच्या काठावर, पण आत! घराच्या आडोशाने वाचली म्हणे. लिंब राहिलं! पहिलं लिंबू शेजारणीला दिलं. तिने धुऊन घेतलं – माझ्यासमोर, दोनदा.

देवळात खेळणाऱ्या सगळ्या मुलांचं रक्त तपासायला घेतलं. नात रडली नाही. उलट सुई टोचणाऱ्या बाईलाच विचारलं, "तुला भीती वाटली का?" तिचा अहवाल सोमवारी.

७ मार्च, शनिवार

भराव कधी पडला ते मातीवालीला हवं होतं. म्हटलं, माझ्या जुन्या रोजनिशांत बघते, मी सगळं लिहिते. बघितलं. सापडलं, नऊ वर्षांपूर्वीचं:

"देवळाच्या अंगणात आता पाणी साचणार नाही! कारखान्याने सोळा ट्रक भराव दिला, एक पैसाही न घेता. अर्ज मीच केला होता. देवाची कृपा. हे म्हणाले, फुकट ते पौष्टिक!"

अक्षर माझंच.