जोडाची पट्टी
मंगळवार, दिवे लावायची वेळ

पोराला माझं बोलणं टोचतं, म्हणून इथं लिहून राहिले. नात सुमन सुट्टीला आली. वीजघराच्या धुरातला कार्बन धरायच्या टाक्यांसाठी ती लोखंड तपासते. लोखंडाच्या पट्ट्या टाकीतल्या जहाल औषधाच्या गरम पाण्यात महिनोन्‌महिने टांगून बघायचं, कोणती खाल्ली जाते.

म्हणाली, "आजी, सगळ्या पट्ट्या पास. उद्या कामावर गेले की पास म्हणून सही करायची."

म्या इचारलं, "जोडाची पट्टी कुठाय?"

"साध्याच टांगल्या, बिनजोडाच्या."

"काहून? आपली हळद शिजवायची कढई कधी मधातून फुटली का? दर साली जोडालाच गळते."

पोरीचं तोंड उतरलं. टाकी तर सारी जोडूनच होणार. खाली माणसं असतील, त्यांच्या अंगावर ते पाणी पडलं तर?

सुमननं साहेबाला फोन केला, जोड तपासल्याबिगर सही करणार न्हाई म्हणाली. साहेब म्हणाला, वर विचारून फोन करतो. तवापासून तिचा बाप फोनपाशी बसून हाये. "माय, तिची नोकरी घालवतीस व्हय? फोन आला की मीच साहेबाची माफी मागतो."

मी जास्त बोलले का? बोलले असंन. पण जोड तर तपासला न्हाईच ना.

फोन वाजला की सुमननंच उचलायचा. बापानं हात लावला तर माझ्याशी गाठ.