पाचव्या शीलाला गप्प

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विहारात पाचवं शील आलं की माझं लक्ष पुरुषांच्या रांगेकडे जातं. दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही पाचही शीलं म्हटली होती. तेव्हा तुम्ही पीत नव्हतात. मिलमध्ये लागल्यावर सुरू झालं. मग दर रविवारी वंदनेला तुम्ही चार शीलं खणखणीत म्हणायचात आणि दारू पिणार नाही हे पाचवं आलं की तोंड मिटून घ्यायचात. बाजूचे रोज पिणारे मोठ्यानं म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा घरी येताना विचारलंच, "सगळे म्हणतात, तुम्हीच काहून म्हणत नाही?" तुम्ही म्हणालात, "आत्ताच चौथं म्हटलं ना वं, खोटं बोलणार नाही म्हणून."

माय त्यावरच जगत होती. वाडीच्या नाक्यावर ट्रकवाल्यांसोबत बसून तुम्ही झिंगत आलात तरी म्हणायची, "खोटं तर बोलत नाही ना. ज्या दिवशी म्हणन, त्या दिवशी सुटन." रविवारी ती बायकांच्या बाजूनं तुमच्या तोंडाकडे पाहत राहायची. बुद्धाकडे कमीच पाहतेस, असं मी चिडवायची.

मग कन्हानची मंडळी मला पाहायला आली. रविवार होता, म्हणून आधी वंदनेला बसली. त्या दिवशी तुम्ही पाचवं म्हटलंत. हळू, पण सगळ्यांना ऐकू आलं. मायनं डोळ्यांना पदर लावला, घरी येऊन शिरा केला. संध्याकाळी पाहुणे बसमध्ये बसले आणि तुम्ही पिऊन आलात. माय भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पेले त्याचं काही नाही जी. पण म्हटलं काहून?" तुम्ही माझ्याकडे बोट केलं. पुढच्या रविवारपासून तुम्ही परत गप्प राहायला लागलात, पण मायनं मान वर केली नाही.

लग्न तिथंच झालं. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या वंदनेला सासरे मला म्हणाले, "तुये बाबा पाचव्याले गप्प राहतात, हे आम्ही ऐकलं होतं. असा माणूस पाहाले म्हणूनच आलो होतो. त्या दिवशी त्यायनं म्हटलं, तवा समजलं, पोरीसाठी बोलून राहिले." म्हणजे तुम्हाला म्हणायची गरजच नव्हती. मायला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमची दारू सुटेल असं मला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. पण जन्मात एकदा तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी, याचा मला आनंद झाला होता, बाबा. मायकडे पाहूनसुद्धा तो कमी झाला नाही.